बॉयलर-सानची वाफ

साप्पोरोतल्या त्या घरात पहिल्या सकाळी मी जागी झाले ती आवाजाने. कुणीतरी भिंतीच्या आत बसून हातोडा मारतंय असं वाटत होतं. आधी तीन-चार ठोके, मग जरा शांतता, मग एकदम धडाधड. त्सुनामी आणणारा तो मोठा भूकंप होऊन दीड वर्ष झालं होतं आणि जपानला निघताना घरच्यांनी इतक्या सूचना दिल्या होत्या, की मी पायात सपाता सरकवून थेट जिन्यात धावले. जिन्यात कुणीही नव्हतं. समोरच्या घरातल्या बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, माझ्या अवताराकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "काही नाही हो. वाफ आली."

इमारत चार मजली होती, चाळीस वर्षांची, लिफ्ट नसलेली. एका सरळ रेषेत चार जिने, प्रत्येक जिन्यावर आठ घरं. ती मुळात कुठल्याशा कंपनीच्या नोकरांसाठी बांधलेली. कंपनी बुडाल्यावर घरं राहणाऱ्यांनीच विकत घेतली आणि ते तिथेच म्हातारे झाले. त्यातलं एक घर मला भाड्याने मिळालं होतं. विद्यापीठात मला दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची जागा, मिळाली होती आणि विषय होता केसाएवढ्या बारीक नळ्यांमधून उकळणारं पाणी. पुण्याहून मी एकटीच आले होते.

इमारतीच्या मागे, अंगणापलीकडे, विटांची एक बसकी खोली होती आणि तिला धुराडं होतं. तिथे बॉयलर होता. त्याची वाफ जमिनीखालच्या नळीने इमारतीत यायची आणि प्रत्येक खोलीतल्या बिडाच्या रेडिएटरमध्ये शिरायची. बॉयलर सांभाळणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. त्यांचं खरं नाव इमारतीत फारसं कुणी घेत नसे. सगळे त्यांना बॉयलर-सान म्हणायचे; सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. तरुणपणी ते कोळशाच्या खाणीवर बॉयलरमध्ये कोळसा घालायच्या कामावर होते. खाण बंद पडली, गाव रिकामं झालं, तेव्हा ते इथे आले आणि बॉयलरला लागून असलेल्या सहा बाय दहाच्या खोलीत तीस वर्षं राहिले. बायको त्याआधीच गेलेली. मूलबाळ नाही.

माझं घर पहिल्या जिन्यावर, म्हणजे बॉयलरच्या सगळ्यांत जवळ. जानेवारीत बाहेर सगळं गोठलेलं असताना मी घरात अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात वावरायचे आणि खिडकी उघडी ठेवायचे. नाहीतर जीव गुदमरायचा. माझ्या वरच्यांची आणि खालच्यांचीही खिडकी उघडीच असे. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. थंड देशात अशीच चैन असते अशी माझी समजूत होती.

त्या हिवाळ्यात वीज वाचवण्याचं वातावरण होतं. भूकंपानंतर अणुवीज केंद्रं बंद होती. जिन्यातले एकाआड एक दिवे काढून टाकलेले, स्टेशनवरचा सरकता जिना थांबलेला, विद्यापीठात संध्याकाळी सहाला कॉरिडॉर काळोखा. त्यात तेल महागलं. आमचा बॉयलर तेलावर चालायचा. फेब्रुवारीत इमारतीच्या सोसायटीची बैठक झाली आणि मलाही बोलावणं आलं.

सोसायटीचे अध्यक्ष शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की वाफेचा खर्च असाच राहिला तर बॉयलर बंद करून प्रत्येकाने आपापला रॉकेलचा स्टोव्ह घ्यावा लागेल. खोलीत कुजबुज झाली. पंच्याहत्तरीच्या माणसांनी रॉकेलचे डबे घेऊन चार मजले चढायचे? आणि पुन्हा धरणी हलली तर बत्तीस घरांत बत्तीस पेटते स्टोव्ह?

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही उष्णतेच्या डॉक्टर ना?"

"हो, पण माझं काम फार बारीक नळ्यांवर आहे," मी म्हणाले.

"नळ्याच ना? आमच्या जरा जाड आहेत."

सगळे हसले. मीही हसले आणि हो म्हणून बसले. सबंध खोलीत एकटे बॉयलर-सान हसले नव्हते. ते मागे दाराजवळ उभे होते, टोपी हातात धरून.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लांबून तापमान मोजायचं यंत्र घेतलं आणि बॉयलरखोलीत गेले. वाटेत अंगणातल्या गुडघाभर बर्फात एक काळा पट्टा दिसला. बॉयलरपासून इमारतीपर्यंत आणि मग इमारतीच्या कडेकडेने थेट चौथ्या जिन्यापर्यंत, दोन हात रुंद, ओला आणि उघडा. त्यावर दोन मांजरं झोपली होती. मला वाटलं, कुणी तरी फावड्याने वाट काढली असेल. बॉयलर-सान म्हणाले, "नाही. खाली नळी आहे. बर्फ आपोआप वितळतं."

मी वहीत लिहिलं: जमिनीखालच्या नळीला वेष्टन नाही.

दोन आठवडे आम्ही दोघं घराघरांत फिरलो. माझ्याकडे यंत्र, त्यांच्याकडे लाकडी मुठीची लांब पोलादी सळई. रेडिएटरच्या बुडाशी पितळेची एक डबी असते. तिला ट्रॅप म्हणतात. वाफ अडवायची आणि थंड होऊन तिचं झालेलं पाणी परत जाऊ द्यायचं, एवढंच तिचं काम. बॉयलर-सान गुडघे टेकून बसायचे, सळईचं एक टोक डबीवर आणि मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हा मेला." मी यंत्र रोखायचे. परतीच्या पाण्याच्या नळीत सरळ वाफ. ते दर वेळी बरोबर असायचे.

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?" मी विचारलं.

"दहा-बारा मेलेत हे माहीत होतं. नवे आणायला सांगितलं होतं. दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं." मग म्हणाले, "सगळ्या घरांत जाऊन ऐकावं असं कुणी म्हटलं नाही. आणि मीही आपणहून गेलो नाही."

पहिल्या जिन्यावरचे निम्म्याहून जास्त ट्रॅप मेले होते. दुसऱ्यावर थोडे कमी. चौथ्या जिन्यावर गेलो तेव्हा तिथले ट्रॅप सगळे धडधाकट निघाले, कारण त्यांच्यापर्यंत वाफ धड पोचतच नव्हती.

चौथ्या जिन्यावर तळमजल्याला एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी दार उघडलं तेव्हा अंगावर जाड कोट होता. मला वाटलं, बाहेर निघाल्यात. त्या म्हणाल्या, "नाही, घरीच आहे. या ना आत." आत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. टेबलाखाली एक छोटा विजेचा गरम गालिचा होता आणि तोही बंद, कारण वीज वाचवायची होती. रेडिएटरला हात लावला. वरचा कोपरा कोमट, बाकी सगळं बीड थंडगार. त्यावर त्यांनी लोणच्याची बरणी ठेवली होती. फ्रिज कशाला वापरायचा, म्हणाल्या.

बॉयलर-सान त्या रेडिएटरकडे बघत उभे राहिले.

"किती वर्षं असं आहे?" त्यांनी विचारलं.

"असू दे हो. तुम्ही पहाटे चारला उठून बॉयलर लावता, मला धूर दिसतो ना खिडकीतून."

"किती वर्षं?"

"नवरा गेला त्या हिवाळ्यापासून असेल. अकरा."

"रोज सकाळी मी तुमचं दार वाजवून विचारतो, ऊब येते का. तुम्ही येते म्हणता."

आजी हसल्या. "तुम्ही विचारता तेव्हा बरं वाटतं. म्हणून येते म्हणते."

बॉयलर-सान खाली बसले आणि सळई कानाला लावली. ऐकण्यासारखं तिथे काही नव्हतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. तरी ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

रोग काय ते मला त्या संध्याकाळी कागदावर रेषा मारताना उमगलं. पहिल्या जिन्यावरच्या मेलेल्या ट्रॅपमधून वाफ सरळ परतीच्या नळीत घुसत होती. परतीची नळी वाफेने भरली, की लांबच्या रेडिएटरमधली हवा बाहेर पडायला जागाच उरत नव्हती, आणि हवा आत कोंडलेली असली की नवी वाफ शिरणार कुठून? लांबच्या काही घरांतून ऊब कमी असल्याची तक्रार आली की बॉयलर-सान दाब वाढवायचे. दाब वाढला की जवळची घरं आणखी तापायची, आणखी ट्रॅप मरायचे. आम्ही खिडक्या उघडायचो. माझ्या उघड्या खिडकीतून जे बाहेर जात होतं, ते आजींच्या वाटणीचं होतं.

हे मी बॉयलर-सानना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी जितका जास्त दाब दिला, तितकी तिकडची थंडी वाढली?"

"हो," मी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी रेषांकडे बघत होते.

त्या उन्हाळ्यात काम झालं. सगळ्या ट्रॅपच्या आतल्या चकत्या बदलल्या. खाली वाकलेली एक नळी उचलून सरळ केली. तिच्यात पाणी साचून राहायचं आणि वाफ त्याच्यावर आदळायची, तोच तो हातोडा. लांबच्या टोकाला हवा सोडायच्या नव्या झडपा बसवल्या. आणि अंगण उकरून जमिनीखालच्या नळीला जाड वेष्टन घातलं. कंत्राटदाराची माणसं तरुण होती. बॉयलर-सान त्यांच्यामागे सावलीसारखे असायचे. प्रत्येक सांधा स्वतः हाताने चाचपून बघायचे.

मला अजून आठवतं, की ऑक्टोबरअखेर पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा इमारतीत आवाज झाला नाही. मी आणि बॉयलर-सान आजींच्या घरी रेडिएटरसमोर बसलो होतो. दाब पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी ठेवला होता. पंधरा मिनिटांनी झडपेतून हवेचा बारीक सुस्कारा आला. मग बिडाचा पहिला कप्पा तापला, मग दुसरा, मग तिसरा. आजींनी लोणच्याची बरणी उचलली. जरा वेळाने कोटाची बटणं काढली. मग कोट काढून हातावर घेऊन उभ्या राहिल्या, कारण घरात कोट टांगायची सवय राहिली नव्हती आणि खुंटीवर भलतंच काही लटकत होतं.

"गरम होतंय हो," त्या म्हणाल्या, आणि घाईघाईने माझ्याकडे पाठ करून चहा करायला गेल्या.

बॉयलर-सान म्हणाले, "अकरा वर्षं." एवढंच.

त्या हिवाळ्यात आमच्या पहिल्या जिन्यावरच्या खिडक्या बंद झाल्या. तेलाची गाडी पूर्वी आठवड्याला यायची, ती दहा-बारा दिवसांनी येऊ लागली. संक्रांतीला मी तिथले काळे तीळ आणि काळी साखर आणून लाडू वळले. ते दगडासारखे झाले. बॉयलर-सानना दिले आणि सांगितलं, की आमच्याकडे हे देऊन एकमेकांना गोड बोलायला सांगतात. ते विचार करून म्हणाले, "मी फार बोलतच नाही. चालेल का?"

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. वेष्टन घातल्यावर अंगणातला काळा पट्टा नाहीसा झाला. वहीत मी त्याच्यासमोर बरोबरची खूण केली होती, कारण तो पट्टा म्हणजे वाया जाणारी उष्णता. पण चौथ्या जिन्यावरची म्हातारी माणसं गेली कित्येक वर्षं त्याच पट्ट्यावरून बसच्या थांब्याकडे जात होती. बाकी सगळीकडे घसरडं, तेवढीच वाट कोरडी. आता तिथे इतर अंगणासारखंच बर्फ साचू लागलं, दिवसा जरा वितळायचं आणि पुन्हा गोठून काचेसारखं व्हायचं. मांजरं कुठे गेली कुणास ठाऊक. बॉयलर-सानना मात्र पहिल्याच बर्फात ते दिसलं. बॉयलर लावून झाला की ते फावडं घेऊन यायचे आणि सात वाजायच्या आत तेवढा पट्टा खरवडून वाळू टाकायचे. मला खिडकीतून दिसायचं. मला वाटायचं, त्यांना आता काम कमी झालंय, म्हणून काहीतरी करत असतात.

फेब्रुवारीत मी सोसायटीसाठी अहवाल लिहिला. जपानी कच्चं होतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने भाषा सुधारून दिली. काय केलं, किती फरक पडला, पुढे काय करता येईल. शेवटच्या भागात मी एक वाक्य घातलं: आता दाब कमी आणि स्थिर असल्याने छोटा स्वयंचलित बॉयलर बसवता येईल आणि त्याला चोवीस तास माणसाची गरज पडणार नाही. कुणी मला ते विचारलं नव्हतं. प्रबंधात जसं 'पुढील संशोधनाच्या दिशा' लिहितात, तसं मी ते लिहिलं. अहवाल पूर्ण वाटावा म्हणून.

एप्रिलमध्ये वार्षिक बैठक झाली. एका कंपनीचा माणूस स्वयंचलित बॉयलरची चित्रं घेऊन आला होता. बिघाड झाला तर फोनवर आपोआप निरोप जाणार, महिन्यातून एकदा तपासणी. अध्यक्षांनी माझा अहवाल वाचून दाखवला आणि ते वाक्य आलं तेव्हा मला, तिकडे शिक्षकांना-डॉक्टरांना आदराने लावतात ते संबोधन लावून, विचारलं, "सेन्सेइ, तांत्रिकदृष्ट्या माणूस लागेल का?"

बॉयलर-सान मागे चहाचे पेले मांडत होते.

मी म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या, नाही."

ते खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण त्या खोलीत मला आणखी दोन वाक्यं बोलता आली असती. रोज सकाळी दारं वाजवण्याबद्दल, फावड्याबद्दल, सळई कानाला लावून बसणाऱ्या माणसाबद्दल. ती मला जपानीत येत नव्हती असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. तेवढं जपानी मला येत होतं.

हात वर केला तो चौथ्या जिन्यावरच्या आजींनी. त्या बैठकीत कधी बोलत नसत. उठायलाही त्यांना वेळ लागला.

"ऊब सगळ्यांत जास्त मला मिळाली," त्या म्हणाल्या. "तरी मी नको म्हणते. मशीन माझं दार वाजवेल का?"

अध्यक्ष चांगले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बॉयलर-सानच पुढे आले आणि कमरेत वाकले.

"सेन्सेइ बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "वाफ आता स्वतःची स्वतः चालते. मी नुसता बसून असतो. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे."

हात वर करून मतं घेतली. विरोधात एकच हात होता. मी भाडेकरू, मला मत नव्हतं. त्या गोष्टीचा मला त्या क्षणी आधार वाटला, आणि मग त्या आधाराची लाज वाटली.

जूनमध्ये ते गेले. सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक गादी. खाणीच्या त्या रिकाम्या झालेल्या गावात नगरपालिकेची स्वस्त घरं होती, त्यातलं एक त्यांना मिळालं. लोकांनी निरोपाला केक आणला. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते. पण त्यांनीच आधी विचारलं, "झडपा वर्षातून एकदा उकळत्या पाण्यात टाकून धुवायच्या, हे त्या लोकांना सांगितलंत ना?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग झालं."

माझा करार एका वर्षाने वाढला होता, म्हणून पुढचा हिवाळाही मी तिथे होते. नवा बॉयलर कपाटाएवढा होता. त्याच्यावर हिरवा दिवा लागायचा. घरं सारखी गरम, आवाज नाही, धूर जवळजवळ नाही. बॉयलर-सानच्या खोलीत सोसायटीने सायकली ठेवायला सुरुवात केली.

फावडं मारायची पाळी लावलेली होती, जिन्याजिन्याप्रमाणे. पण पाळी आठवड्यातून दोनदा, आणि ज्यांची पाळी तेही म्हातारेच. मी सकाळी आठला विद्यापीठात पळायचे आणि संध्याकाळी परत यायचे. माझी पाळी मी केली. त्यापलीकडे एकदाही केलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आजी दवाखान्यात जायला म्हणून सकाळी निघाल्या आणि अंगणात, नेमक्या नळीच्या वर, घसरून पडल्या. खुबा मोडला. अँब्युलन्स येईपर्यंत अध्यक्षांनी आपला कोट त्यांच्यावर घातला होता. मला हे संध्याकाळी कळलं. मी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. खोली फार गरम ठेवतात इथे, एवढीच त्यांची तक्रार होती. मार्चमध्ये त्यांचा मुलगा दूर दक्षिणेकडच्या चिबाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. रिकाम्या घरात पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून तिथला रेडिएटर मात्र सुरू ठेवला होता.

त्याच महिन्यात मी बॉयलर-सानना भेटायला गेले. आधी ट्रेन, मग बस. बसमध्ये शेवटी मी आणि एक शाळकरी मुलगी उरलो होतो, आणि ती अलीकडेच उतरली. गावात लांबच लांब बैठी घरं, त्यातल्या बहुतेकांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, छपरांवर कमरेएवढं बर्फ. त्यांच्या घरापुढची वाट तेवढी स्वच्छ होती, आणि शेजारच्या दोन घरांपुढचीही.

आत एकाच खोलीत रॉकेलचा स्टोव्ह होता. दाराकडची खोली इतकी थंड की त्यांनी तिथे भाजी ठेवली होती. जाड जाकीट घालून ते स्टोव्हजवळ बसले होते. मला जवळची उशी दिली. बारीक झाले होते.

"दाब किती ठेवतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"चांगला आहे. आणि परतीच्या पाण्याचं तापमान?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चौथ्या जिन्यावरच्या आजी?"

"मुलाकडे गेल्या. चिबाला."

"पडल्या का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या मुलाकडे जायच्या नव्हत्या. सून आणि त्यांचं जमत नाही." त्यांनी स्टोव्हची वात थोडी कमी केली. "जाताना मी अध्यक्षांना चिठ्ठी दिली होती. तेवढा पट्टा रोज साफ करायला कुणीतरी ठेवा, म्हणून. ते विसरले असतील. त्यांचंही वय झालंय."

मग मला रडू आलं. माफी मागण्याचे जपानीत कितीतरी प्रकार आहेत आणि मी तीन वर्षं ते ऑफिसात, दुकानात, ट्रेनमध्ये वापरत होते. त्यातला एकही इथे लागू पडेना. मी मोडकंतोडकं म्हणाले, की ते वाक्य मी लिहायला नको होतं. कुणी विचारलं नव्हतं.

"सेन्सेइ," ते म्हणाले, "वाक्य नसतं तरी कुणीतरी पुढच्या वर्षी विचारलंच असतं. त्याचं मला काही नाही. मला रात्री झोप लागत नाही ती वेगळ्या गोष्टीमुळे. अकरा वर्षं मी रोज त्यांचं दार वाजवलं. आत जाऊन रेडिएटरला एकदा हात लावून बघितला असता तर."

त्यांनी इन्स्टंट नूडल्स केल्या, वर अंडं फोडून घातलं. आम्ही खाल्ल्या. परतीची बस एकच होती, चार वाजताची. थांब्यापर्यंत ते माझ्यापुढे चालत आले आणि जिथे जिथे बर्फ कडक होतं तिथे तिथे बुटाच्या टाचेने फोडत गेले.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याला परतले. नंतर अध्यक्षांनी मला एक पत्रक पाठवलं. जुन्या इमारतींमधली ऊर्जाबचत असा विषय होता, आणि त्यात आमच्या इमारतीच्या नव्या बॉयलरचा फोटो होता. माझे आभार मानले होते. ते पत्रक मी नोकरीच्या अर्जाला जोडलं, आणि मला वाटतं त्याचा उपयोगही झाला.

बॉयलर-सानना मी नव्या वर्षाची दोन कार्डं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं. मला वाचता यावं म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेलं: यंदा बर्फ बेताचं आहे, स्टोव्ह ठीक चालतो, तब्येत जपा. दुसरं कार्ड चार महिन्यांनी माझ्याकडेच परत आलं. वर शिक्का होता, की या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही.

अध्यक्षांना लिहून विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.